घाऊक भावात विमान

विमानाचं तिकीट स्वस्तात मिळवायचं असेल, तर ते आपल्याला हवं आहे हे कुणालाही कळू देऊ नये, असं आमच्या इमारतीखालच्या औषधवाल्यांनी मला बजावलं. कुणालाही म्हणजे कुणाला, तर खुद्द विमान कंपनीला. "एकच गाव दोन-तीनदा शोधलंत की त्यांच्या मशीनला कळतं, गिऱ्हाईक अडलंय. की लगेच भाव चढवतात. आता माझ्याकडेच बघा, कुणी धापा टाकत आलं की..." एवढं बोलून ते थांबले आणि खोकल्याच्या बाटल्या सरळ लावू लागले.

मी अडलो होतो हे खरंच होतं. बायकोच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे ताईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ताई एकट्या राहतात, तेही इतक्या लांब की रेल्वेने जायचं म्हणजे जाऊन पाठ धरायची आणि येऊन अंथरूण. दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या. फोन ठेवला की बायको स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायला घ्यायची. हे मला बघवेना. एके दिवशी मी तिला म्हणालो, "आपण जाऊ. दोघंही. विमानाने." आम्ही दोघं विमानात कधी बसलो नव्हतो. तिने फडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, "खरंच नेणार असाल तरच बोला." माणसाच्या स्वाभिमानाला डिवचायला एवढं पुरतं.

औषधवाल्यांच्या सल्ल्याप्रमाणे मी मशीनला गुंगारा द्यायचं ठरवलं. एकदा ताईंचं गाव शोधायचो, मग अगदी सहज, शीळ वाजवावी तशी, भलतीच दोन गावं शोधायचो. मशीन गोंधळलं की नाही देव जाणे, घर मात्र गोंधळलं. बायकोने रेसिपी बघायला माझा फोन घेतला आणि त्यावर समुद्रकाठच्या हॉटेलाची जाहिरात आली. दोघांसाठी खास खोली, खिडकीतून सूर्यास्त.

"हे दोघं कोण?" तिने विचारलं.

"आपणच."

"मग मला कसं माहीत नाही?"

मी मशीनला फसवतोय हे पटवून देण्यात संध्याकाळ गेली. तेवढ्यात ताईंच्या गावाचं भाडं आणखी चढलं.

दरम्यान माझी दाढ दुखायला लागली म्हणून मी समोरच्या दाराच्या डॉक्टर जोडप्याकडे गेलो. दोघंही दातांचे डॉक्टर आहेत, एकाच दवाखान्यात दोन खुर्च्या आहेत आणि दोघांचं एकाही विषयावर एकमत नाही. माझ्या तोंडात कापूस कोंबल्यावर डॉक्टर म्हणाले, "तिकिटाची घाई करू नका. शेवटच्या दिवसापर्यंत दम धरा. रिकामी सीट घेऊन उडायला कुणालाच आवडत नाही." पलीकडच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक तसंच उघड्या तोंडाने सोडून डॉक्टरीणबाई आल्या. "काही ऐकू नका यांचं. तिकीट आधीच काढायचं असतं. हे शेवटच्या दिवसापर्यंत दम धरतात म्हणून आम्ही आजवर कुठेही गेलेलो नाही." मग त्या दोघांत जे सुरू झालं त्यात माझं मत मला मांडता आलं नाही, कारण माझा जबडा त्यांच्या ताब्यात होता.

वरच्या मजल्यावरचे मोजणीसाहेब तर नकाशा घेऊनच घरी आले. त्यांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही त्यांच्या खिशात टेप असतो. त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही थेट जायचं म्हणताय, तिथेच फसताय. सरळ रेषा नेहमी महाग. इथून आधी उलट्या दिशेला जा, तिथून तिरके या, मग बसने मागे फिरा."

"त्यात किती वाचतील?" मी विचारलं.

"वाचतील किती ते सोडा. रेषा बघा कशी पडलीय."

रेषा छानच पडली होती. फक्त त्या रेषेवरून गेलो असतो तर ताईंचा दुसरा गुडघा ऑपरेशनला आला असता.

शेवटी मी बाजारातल्या तिकीटवाल्याकडे गेलो. जिन्याखालचं चिंचोळं दुकान, काचेवर एका पंखाचं खेळण्यातलं विमान आणि आत हा गृहस्थ नखं कापत बसलेला. त्याने विचारलं, "किती जण?" मी म्हणालो, "दोघं." त्याने माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. "दोघांना काही होत नाही हो. दहा असता तर ग्रुपचा दर लावला असता. बरंच कमी पडतं."

"दहा माणसं कुठून आणू?"

"ते मी कसं सांगणार? लोकांना नातेवाईक असतात."

मी तिथून निघालो ते हसतच. हा विनोद सांगायला म्हणून मोजणीसाहेबांकडे चढून गेलो, आणि माझा घात तिथेच झाला. मोजणीसाहेब हसले नाहीत. त्यांनी आत हाक मारली, "अगं ऐकलंस का? विमानाने जायचंय." आतून बाई म्हणाल्या, "कधी?" कुठे, हे त्यांनी विचारलं नाही.

अशा रीतीने आम्ही चार झालो.

बातमी जिन्यावरून खाली उतरायला वेळ लागला नाही. डॉक्टरांनी दम धरायचं ठरवलं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी दोघांची नावं देऊन टाकली. औषधवाले म्हणाले, "माझं काय, मी दुकान सोडून कुठे येणार, पण आई विमानात बसली नाही कधी," आणि आईला एकटं कसं पाठवायचं म्हणून तेही आले. तळमजल्यावरच्या गाण्याच्या बाईंची तिकडे एक जुनी शिष्या होती. तिचा आवाज लग्नानंतर बिघडला असं त्यांच्या कानावर आलं होतं आणि प्रत्यक्ष जाऊन तिला रागावल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. दहावे आमच्या ऑफिसातले कॅशियर. त्यांना मी विचारलं, "आपण कुठे चाललोय ते माहीत आहे ना?"

"भाडं कमी पडतंय ना?"

"हो."

"मग कुठेही चालेल."

बायको हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आपण ताईला बघायला चाललो होतो."

"जातोच आहोत की."

"आणि हे आठ जण?"

"ते आपापली सोय बघणार आहेत."

पुढचे काही दिवस मी या एका वाक्यावर काढले.

आता विमान कंपनीच्या ग्रुप विभागाबद्दल थोडं सांगायला हवं. मी स्वतः लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचा फोन घेतो. "माणूस निघालाय", "तुमच्याच भागात आहे", "आज नक्की होईल" ही तीन वाक्यं मी इतक्या वेळा बोललो आहे की झोपेतही बोलतो, असं बायको सांगते. ग्रुप विभागाला फोन लावला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "साहेब, तुमची फाइल निघालीय." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "वरिष्ठांच्याच टेबलावर आहे." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आज नक्की." मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मला धंद्यातल्या माणसाबद्दल वाटावा तसा आदर वाटला. त्याच्या आवाजात जी शांती होती ती मला अजून साधलेली नाही.

मग नावांचा घोळ झाला. नावं ओळखपत्रावर असतील तशीच लागतात. गाण्याच्या बाईंच्या ओळखपत्रावर माहेरचं नाव निघालं आणि औषधवाल्यांच्या आई ओळखपत्रावर पुरुष निघाल्या. ग्रुप विभागाचं म्हणणं, कागदावर पुरुष म्हणजे तिकिटावर श्री. औषधवाले चिडले, पण आजींनी त्यांना गप्प केलं. "अरे, विमानात बसवतायत ना? मग श्री म्हणू देत नाहीतर सौ म्हणू देत. खिडकी कुठली ते विचार."

पैसे भरल्यावर नियम कळले. पैसे परत मिळणार नाहीत. नाव एकदा बदलता येईल. आणि दहाचे नऊ झाले तर उरलेल्या सगळ्यांना पूर्ण भाडं पडेल. याला जबाबदार कोण, तर ग्रुप लीडर. ग्रुप लीडर कोण, तर ज्याने फोन केला तो. म्हणजे मी. मला घरात आजवर कुठलंही पद मिळालेलं नाही, त्यामुळे पहिले काही तास बरं वाटलं.

मग डॉक्टर जोडप्याचं भांडण झालं. खिडकीशी कोणी बसायचं यावरून सुरू झालं आणि जुन्या पुष्कळ गोष्टींपर्यंत पोचलं. डॉक्टर मला जिन्यात गाठून म्हणाले, "ती येणार असेल तर मी नाही." एक माणूस गळणं म्हणजे सगळी इमारत माझ्या दारात उभी राहणं. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन बसलो. डॉक्टरांचा मान राखायला त्यांच्याकडून बरी असलेली दाढ पुन्हा भरून घेतली, आणि बाईंना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्या खुर्चीवर जाऊन दात साफ करून घेतले. दोघांनी एकमेकांचं काम बघायला म्हणून माझ्या तोंडात एकदमच डोकावलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की माझे दात मुळातच वाईट आहेत. त्या आनंदात समेट झाला.

रजेचं वेगळंच. आमचे साहेब रजेचा अर्ज असा धरतात, जणू त्यावर कुणीतरी शिंकलं आहे. "चार दिवस? आणि लिफ्ट अडकल्या तर?"

"साहेब, मी फक्त फोन घेतो. लिफ्ट मी असतानाही अडकतात."

"हं. पण विमानाने कसे काय? परवडतं?"

मी ग्रुपच्या दराचं सांगितलं. साहेबांनी अर्ज खाली ठेवला, चष्मा पुसला आणि आवाज उतरवून म्हणाले, "अकरावा चालतो का?" मी सांगितलं, दहाच बसतात. साहेबांनी अर्ज ट्रेमध्ये सगळ्यात तळाशी सरकवला. "बघू. जागा झाली तर मला सांगा. मग रजेचंही बघू."

एवढं सगळं मी निभावून नेलं असतं. पण मोजणीसाहेबांनी ताईंना फोन केला.

नंबर मीच दिला होता. अडीअडचणीला असावा म्हणून ग्रुप लीडर या नात्याने सगळ्यांना वाटला होता. मोजणीसाहेबांनी त्यांना विचारलं, "नमस्कार. आपला हॉल किती बाय किती आहे? बाल्कनी धरून सांगा." ताई बिचाऱ्या सांगत गेल्या. दुसऱ्या दिवशी मोजणीसाहेब आमच्याकडे एक सुबक आराखडा घेऊन आले. त्यात ताईंचं घर होतं आणि त्या घरात दहा लांबट चौकोन आडवे पडले होते. प्रत्येक चौकोनात नाव लिहिलं होतं. माझा चौकोन अर्धा जेवणाच्या टेबलाखाली होता.

"पण सगळे आपापली सोय बघणार होते ना?" मी विचारलं.

"बघितलीच की," आराखड्यावर बोट ठेवून मोजणीसाहेब म्हणाले.

बायकोने तो कागद पाहिला. भांडी त्या दिवशी फार स्वच्छ निघाली.

निघायला तीन दिवस राहिले असताना दुपारी दाराची घंटा वाजली. बायकोने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. बाहेर ताई होत्या. एका हातात काठी, एका हातात छोटी बॅग, चेहऱ्यावर घाम आणि आमचे दोन जिने चढून आल्याचा भलताच अभिमान.

"ताई, तू?" बायको म्हणाली. तिने ताईंच्या हातातली बॅग घेतली, परत खाली ठेवली आणि त्यांना मिठी मारली. मी काठी धरून उभा राहिलो.

"काय करू गं," पाणी प्यायल्यावर ताई म्हणाल्या, "तुम्ही दोघं येणार होता तेव्हा मी वाट बघत होते. मग एका सद्गृहस्थांनी फोन करून माझ्या घराची मापं घेतली. दहा माणसं म्हणे. मला नीट उकिडवं बसता येत नाही, दहा जणांचं कुठून करू? म्हटलं, त्यापेक्षा मीच जाते."

"पण आलात कशा?" मी विचारलं.

"विमानाने. डॉक्टरांनी हरकत नाही म्हणून सांगितलं. फोनवर पहिलं दिसलं ते तिकीट घेतलं. गुडघ्याचं सांगितलं तर चाकाच्या खुर्चीतून थेट दारापर्यंत नेलं हो. मुलगी फार गोड होती."

मी धीर करून भाडं विचारलं. ताईंनी सांगितलं. ते आमच्या ग्रुपच्या दरापेक्षा कमी होतं. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि थोडा वेळ तिथेच थांबलो.

परत आलो तर दोघी बहिणी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि बायको ताईंच्या गुडघ्याला तेल लावत होती. इतकं मोकळं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आता आपण कशाला जायचं?" ती म्हणाली.

"जावं लागेल. मी नाही गेलो तर ग्रुप मोडेल. तू नाही आलीस तरी मोडेल."

"मी ताईला टाकून येणार नाही. नाव बदलता येतं ना एकदा? तुमच्या साहेबांना विचारा."

ताईंनी पर्समधून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "भाऊजी, गॅसची डावी शेगडी लागत नाही. आणि कुंड्यांना पाणी घाला. माणसं बरीच आहात, बादली धरायला कुणी ना कुणी मिळेल."

तर असा मी, बायकोला बहीण भेटवायला निघालेला माणूस, बायकोला तिच्या बहिणीजवळ घरी ठेवून, साहेबांच्या शेजारच्या सीटवर बसून, जिथे भेटायला कुणीही नाही अशा घरी निघालो. साहेबांनी रजा विमानतळाच्या रांगेत मंजूर केली, तीही तोंडी. आजींना खिडकी मिळाली. 'श्री' वाचून तपासणीवाल्याने वर पाहिलं तर त्या म्हणाल्या, "हो, मीच तो." कॅशियरांनी उतरल्यावर विचारलं, "हे कुठलं गाव?"

ते चार दिवस वाईट गेले असं मी म्हणणार नाही. मोजणीसाहेबांचा हॉल दोन फूट कमी भरला आणि त्यांनी त्याचा दोष ताईंच्या टेपला दिला. गाण्याच्या बाई शिष्येला रागवायला गेल्या आणि दोन दिवस तिच्याकडेच राहिल्या, त्यामुळे मला टेबलाखालून बाहेर यायला मिळालं. साहेब घोरतात. हे ऑफिसात कुणाला सांगू नका. पण ते कुंड्यांना पाणीही घालतात, न सांगता, आणि सकाळी माझ्या हातचा चहा पिताना पुष्कळ घरगुती दिसतात.

संध्याकाळी मी बायकोला फोन लावायचो. ती दोन वाक्यं बोलायची आणि मग मागून ताई काहीतरी म्हणायच्या, की दोघी हसायला लागायच्या. मी फोन कानाला धरून ऐकत राहायचो. शेवटच्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, उद्या ताईला सोडायला मी जातेय. महिनाभर राहीन म्हणते. ताईनेच तिकिटं काढली, पहिली दिसली ती. तुम्ही उतराल आणि आम्ही चढू. विमानतळावरच किल्ली द्या."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? जे मी करायला निघालो होतो तेच होत होतं, फक्त त्यात मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दहा जण सामान घेऊन बाहेर आलो तर दोघी समोर उभ्या होत्या. ताई चाकाच्या खुर्चीत, आणि बायको तिच्या ठेवणीतल्या हिरव्या साडीत, हातातली पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून. मी ताईंना त्यांची किल्ली दिली, बायकोने मला आमची दिली. शेजारीपाजारी भोवती जमून कौतुकाने बघत होते.

"डाळ-तांदूळ डब्यात आहेत," बायको म्हणाली. "दुधाचं सांगितलंय." मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "वर गेल्यावर कानात दडे बसतात म्हणे. खरं का?"

"बसतात. आवंढा गिळायचा."

"तुम्ही असता तर बरं झालं असतं. तुमच्यासाठीही बघणार होते मी. पण तुमची रजा संपली ना."

मागे साहेब बॅग घेऊन उभे होते. त्यांनी घसा खाकरला. "रजेचं म्हणाल तर," ते छताकडे बघत म्हणाले, "आठवडाभर आणखी देता येईल. फोन काय, कॅशियरही उचलतील."

कॅशियर काही बोलणार होते, पण साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

मी तिकिटाच्या खिडकीकडे निघालो. माझ्यामागून सगळा ग्रुप निघाला. औषधवाले म्हणाले, "तोंडावर काही दिसू देऊ नका, सहज आलोय असं दाखवा." डॉक्टर म्हणाले, "दार बंद होईपर्यंत थांबा," आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता घ्या." मोजणीसाहेबांनी नकाशा उघडला होता आणि उलट्या दिशेने जायचं काही जमतं का ते बघत होते.

खिडकीतल्या मुलीने आकडा सांगितला. फार मोठा होता. माझ्यामागे नऊ जणांनी एकदमच श्वास आत ओढला. मी खिशातून कार्ड काढून पुढे सरकवलं.

तिने माझ्या मागची गर्दी पाहिली आणि विचारलं, "किती जण आहात?"

"एकच," मी म्हणालो. "आणि सीट त्या हिरव्या साडीतल्या बाईंच्या शेजारची द्या."